माळरानावरची म्हातारी

पहिल्या मंगळवारी मी पुस्तकात होतं तेच वाचलं. दुसऱ्या मंगळवारी मी त्यात तिला घातलं.

पुस्तक इंग्रजी. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळरानावरची, दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. मुखपृष्ठावर टोपडं बांधलेली एक गोरी मुलगी गव्हाच्या शेतात उभी आणि मागे कापडी छपराची घोडागाडी. आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, कपाटात अशा पुस्तकांचं एक अख्खं खोकं पडून आहे. कोणी परदेशी पाहुणे कधीतरी ठेवून गेले. मी त्यातली चार-पाच वाचली आहेत. प्रत्येकात एक भली मुलगी असते, एक अबोल शेतकरी असतो, एक कडक हिवाळा असतो आणि शेवटी लग्न असतं. दर चार पानांनी कोणीतरी प्रार्थना करतं. पाळकसाहेबांनी एकही उघडून पाहिलेलं नाही, पण ही पुस्तकं स्वच्छ आहेत असं ते सगळ्यांना सांगतात.

त्यांनीच मला हे काम लावलं. अंबरनाथ पश्चिमेला आमचं देऊळ आहे, आणि बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमच्या मंडळीतली एक म्हातारी बाई राहते. काचबिंदूने तिची दृष्टी पार गेली. मोबाइलवर बायबल ऐकून ती कंटाळली होती आणि तिला गोष्ट हवी होती. मी उल्हासनगरात तीस वर्षं सिंधी पोरांना इंग्रजी शिकवून रिटायर झालेली, एकटी, रिकामी. ‘टीचर, तुम्ही मंगळवारी जात जा, वाचता वाचता मराठीत सांगा,’ पाळकसाहेब म्हणाले. ते तरुण आहेत, तीन वर्षांपूर्वी बदलून आले. त्या बाईचा आणि माझा काय संबंध आहे हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मला मात्र पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी लगेच हो म्हटलं.

ती माझी सासू होणार होती.

आमच्यात लग्न ठरलं की लागोपाठ तीन रविवार उपासनेच्या शेवटी पाळक दोघांची नावं वाचतात आणि विचारतात, या विवाहाला कोणाची हरकत असेल तर सांगावं. कोणाची नसते. लोक तेवढ्यात चपला कुठे काढल्या ते आठवून घेतात. छत्तीस वर्षांपूर्वी दोन रविवार माझं आणि तिच्या मुलाचं नाव वाचलं गेलं. तिसऱ्या रविवारी दानाच्या थैलीत एक चिठ्ठी निघाली. मुलीला फिट येतात, गुड फ्रायडेला सगळ्यांदेखत आली होती, मुलाच्या आयुष्याचं नुकसान होऊ नये. खाली सही नव्हती.

गुड फ्रायडेला मी पडले होते हे खरं. आमची त्या दिवशीची उपासना बारा ते तीन चालते. सकाळपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. दोन वाजता गाण्याला उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पाच मिनिटांत उठूनही बसले. त्या पाच मिनिटांत माझं डोकं मांडीवर घेऊन मला साखरेचं पाणी पाजणारी बाई तीच होती. ‘उपाशीपोटी कशाला उभं राहायचं, वेडाबाई,’ असंही म्हणाली होती. तेव्हा ती मला आई म्हणायला लावायची.

तेव्हाचे पाळक म्हातारे आणि भित्रे होते. त्यांनी चिठ्ठी वाचून दाखवली नाही. हरकत आली आहे, विवाह तूर्त पुढे ढकलला आहे, एवढंच म्हणाले. दुपारपर्यंत अंबरनाथ-बदलापुरातल्या आमच्या एकूण एक घराला चिठ्ठीतला शब्दन् शब्द पाठ झाला होता. माझ्या वडिलांनी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं. मुलगी ठणठणीत असल्याचा कागद दाखवत फिरायला लागलं की मुलगी आजारी आहे हे पक्कं होतं, एवढं त्या साध्या माणसाला कळलं नाही. सहा महिन्यांत तिच्या मुलाचं लग्न झालं. नव्या सुनेच्या वडिलांनी हेंद्रेपाड्यात मुलीच्या नावावर फ्लॅट घेऊन ठेवला होता.

चिठ्ठी पाळकांनी फाडून टाकली होती, पण त्याआधी वडिलांनी ती पाहिली होती. दहा वर्षांनी, आजारपणात, त्यांनी मला सांगितलं की अक्षर महिला संघाच्या रजिस्टरमधलं होतं. महिला संघाचं रजिस्टर तीच लिहायची. इतकी वर्षं का नाही सांगितलं, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. सूड देवावर सोपवायचा असतो, असं ते म्हणाले. मी सोपवला नाही. देवाला इतर कामं पुष्कळ असतात.

मला पुन्हा स्थळ आलं नाही असं नाही. एक बिजवर आला, दुसरा मला फिट येतात म्हणून हुंड्यात स्कूटर मागणारा आला. मग मी तो विषय बंद केला. शाळेत पालकसभेला पोरांच्या आया हमखास विचारायच्या, ‘मिस, आपने शादी नहीं की?’ मी सांगायचे, टाइम नहीं मिला. आणि दर रविवारी देवळाच्या पायरीवर तिचा मुलगा भेटायचा. मवाळ माणूस. आधी काळे केस होते, मग चष्मा आला, मग टक्कल. छत्तीस वर्षं तो मला एकच प्रश्न विचारत आला आहे, ‘तब्येत बरी असते ना आता?’ अगदी मनापासून विचारतो. त्याला वाटतं मला फिट येतात.

मला काय हवं होतं ते सांगून टाकते. तिने कबूल करावं. माझ्या कानात नव्हे, जिथे माझं नाव घालवलं तिथे, रविवारी, मंडळीसमोर, तिच्या मुलाच्या कानांवर पडेल असं.

तर पुस्तक. त्यातली मुलगी शाळामास्तरीण असते. पूर्वेकडच्या शहरातून एकटी माळरानावर येते. तिथे एक शेतकरी आहे, अबोल, मधाच्या पोळ्यांना हात घालणारा, घोड्यांशी बोलणारा. दोघांचं जमतं. पण त्या मुलुखात पाळक कायमचा नसतो. तो घोड्यावरून गावोगाव हिंडतो आणि तीन-तीन महिन्यांनी एकदा उगवतो. लग्नं, बाप्तिस्मे, मेलेल्यांच्या प्रार्थना सगळं त्याच्यासाठी थांबून राहतं. शेतकऱ्याला आईबाप नाहीत. ते पहिल्याच प्रकरणात तापाने गेलेले असतात.

दुसऱ्या मंगळवारी मी त्याच्या आईला जिवंत केलं. चुलीपाशी खुर्ची टाकून बसवलं. डाव्या गालात लवंग दिली आणि हातात रुमाल दिला, ज्याच्या टोकाला ती बोलता बोलता गाठी मारते आणि सोडते. समोर पलंगावर बसलेल्या बाईच्या डाव्या गालात लवंग होती आणि बोटं रुमालाच्या गाठीत होती. अमेरिकेच्या माळरानावर लवंग कुठून आली, हे तिला विचारावंसं वाटलं नाही. उलट ती खूश झाली. आता कशी गोष्टीत जान आली, म्हणाली.

सुरुवातीला तिला माझ्या गोष्टीतली सासू फार आवडली. मास्तरणीच्या हातची भाकरी (मी पाव म्हणत बसले नाही) करपली की ती हसायची. मुलाला कोण सांभाळणार, आईलाच कळतं, असं म्हणायची. मी वाचता वाचता दात खात होते. मी त्या म्हातारीला जेवढी काळी रंगवावी तेवढी ही तिची बाजू घ्यायची. एकदा मी तिला विचारलं, पण आंटी, त्या पोरीचं काय चुकलं? ती म्हणाली, चुकलं असं नाही गं, पण कोणीतरी जास्त घेऊन येणारी मिळाली तर आईने काय डोळे मिटून बसायचं? हे ती ज्या घरात बसून म्हणाली, त्या फ्लॅटच्या गॅलरीतून त्या वेळी तिची सून वाळलेले कपडे काढत होती.

पुढच्या मंगळवारी मी चिठ्ठी आणली. माळरानावरचा पाळक तीन महिन्यांनी आला, शाळेच्या खोलीत उपासना झाली, टोपी फिरवून दान गोळा केलं आणि टोपीत एक चिठ्ठी निघाली. मास्तरीण घोडागाडीत पडली होती, तिला फिट येतात. पाळक लग्न न लावताच घोड्यावर बसून निघून गेला.

मी थांबले. रुमालाची गाठ अर्धी राहिली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. तिने गाठ सोडून रुमाल बाजूला ठेवला. मग म्हणाली, आज इथेच थांबू. घरी जाताना मी इतकी आनंदात होते की बदलापूरच्या मार्केटात उगाच पाव किलो बर्फी घेतली आणि एकटीने खाल्ली.

मला वाटलं होतं आता ती मला येऊ देणार नाही. पण मंगळवारी गेले तर ती केस विंचरून तयार होती. आई तुमची वाट बघत असतात, सून म्हणाली, आठवडाभर दुसरा विषय नाही. मग मीही मागे हटले नाही. म्हातारीची विहीर आटवली. गाई मारल्या. गुडघाभर बर्फात तिला एकटी सोडली, मुलगा बायको घेऊन पुढच्या मुलुखात निघून गेला. मास्तरीण मात्र शाळा चालवतच राहिली. ख्रिस्ती बाईने असं करू नये हे मला कळत होतं. रविवारी मी देवळात प्रभुभोजनाची भाकर घेत होते आणि मंगळवारी एका आंधळ्या बाईला तिच्याच हालांच्या गोष्टी सांगत होते. दोन्ही मी नेमाने केलं. तिचे प्रश्न बदलले होते. म्हातारीला जेवायला कोण देतं, विचारायची. चूल पेटवायला कोण येतं. मी म्हणायचे, कोणी नाही.

आणि एका मंगळवारी ती मध्येच म्हणाली, ‘पण ती पडली ते उपासाने, हे म्हातारीला माहीत होतं ना?’

गोष्टीत मी उपास कधीच आणला नव्हता.

मी पुस्तक मिटलं. विचारलं, ‘माहीत होतं?’

‘साखरेचं पाणी तिनेच पाजलं होतं,’ ती म्हणाली.

घरात आम्ही दोघीच होतो, मुलगा आणि सून बाजारात गेले होते. ती मला म्हणाली, कागद घे आणि लिही. आमच्याकडे आजारी माणसं देवळात चिठ्ठी पाठवतात, माझ्यासाठी प्रार्थना करा, अमक्यासाठी आभार माना. लिहिता न येणाऱ्यांच्या चिठ्ठ्या जो भेटायला जातो तो लिहून आणतो. वर नाव घालतो, पाळक रविवारी वाचतात. मी अशा शेकडो लिहिल्या आहेत. पर्समध्ये पॅड होतंच. ती एकेक वाक्य तोलून सांगत होती आणि मी लिहीत होते. ‘मी तिच्या लग्नाला खोटी हरकत घेतली होती, ती निरोगी होती, हे मला माहीत होतं, देवाने आणि तिने मला क्षमा करावी.’ शेवटचं वाक्य मला नको होतं, पण मी ते लिहिलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. कागदाची घडी घालताना माझे हात थरथरत होते. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी फिट आल्यासारखी दिसत असेन.

सही घ्यायचं मला सुचलंच नाही. प्रार्थनेच्या चिठ्ठीवर कोणी सही घेत नाही.

रविवारी उपासनेआधी मी चिठ्ठी पाळकसाहेबांच्या हातात दिली. तिचा मुलगा तिसऱ्या बाकावर बसला होता, मी त्याच्या पुढच्या बाकावर बसणार होते. मला त्याचा श्वास ऐकायचा होता. पाळकसाहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि उलटून मागची बाजू पाहिली. ‘टीचर, अक्षर तर तुमचं आहे,’ ते म्हणाले. मी सांगितलं, अर्थात माझं आहे, त्यांना दिसत नाही. ते म्हणाले, हे फार मोठं आहे, मी उद्या स्वतः जाऊन विचारतो, मग पुढच्या रविवारी बघू. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. एका पाळकाने बिनसहीच्या चिठ्ठीवर झटकन विश्वास ठेवला म्हणून माझं लग्न मोडलं. दुसऱ्याने ठेवला नाही.

सोमवारी ते गेले. तिचा मुलगा समोर बसला होता. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, तर ती हसली. ‘अहो, ते पुस्तकातलं आहे,’ म्हणाली, ‘ती मला गोष्ट वाचून दाखवते ना, त्यातली म्हातारी अशी चिठ्ठी पाठवते.’ मुलाने दुजोरा दिला, सगळं घर महिनोन् महिने तेच ऐकतंय म्हणाला.

हे सगळं मला पाळकसाहेबांनी फोनवर सांगितलं, फार जपून, माणूस काचेचं भांडं उचलतो तसं. एकट्या माणसाचं मन पुस्तकात गुंततं, असं म्हणाले. थोडे दिवस मंगळवार दुसऱ्या कोणाला देऊ का, असंही विचारलं. मी नको म्हटलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, पण या बाईने तर माझ्याच चाकूने मला कापलं होतं. तो चाकू दर आठवड्याला धार लावून मीच तिच्या घरी नेत होते.

मंगळवारी मी गेले. ती पलंगावर बसली होती, लवंग गालात. माझ्या चपलांचा आवाज ओळखून म्हणाली, ‘मुलगा समोर बसला होता गं.’ एवढंच. मी पुस्तक उघडलं आणि जिथे खूण होती तिथून जे छापलं होतं ते वाचायला लागले.

शाळेला नवं छप्पर झालं. शेतकऱ्याने खिळे ठोकले. मास्तरणीने खाली उभं राहून शिडी धरली. ती ऐकत राहिली, वाट बघत राहिली, मग न राहवून तिने विचारलं, ‘म्हातारी कुठे आहे?’

‘पुस्तकात म्हातारी नाही,’ मी म्हटलं.

‘म्हणजे मेली?’

‘नव्हतीच. पुस्तकात आहे तेच मी वाचते.’

विहीर आटली तेव्हा, गाई मेल्या तेव्हा ती इतकी घाबरली नव्हती. पुढचे चार मंगळवार तिने तोच प्रश्न विचारला आणि मी तेच उत्तर दिलं. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. वाटायला हवं म्हणून मी प्रार्थनाही केली, पण घरी येताना पाय हलके पडायचे. रुमाल तिच्या मांडीवर नुसता पडून असायचा. हाल केलेले तिला चालत होते, कारण हालात का होईना कोणीतरी दर आठवड्याला येऊन तिचं पुढे काय झालं ते सांगत होतं.

शेवटचं प्रकरण उरलं त्या दिवशी तिने माझा हात चाचपडून धरला. ‘मला परत घाल त्यात,’ म्हणाली. ‘मी त्याला सांगते.’

मी म्हटलं, आधी सांगा.

तिने मुलाला हाक मारली. तो बाहेरच्या खोलीतून पेपर हातात घेऊनच आला, दारात उभा राहिला. आवाज आला त्या दिशेला तिने तोंड वळवलं. ओठ हलले. माझ्या उभ्या आयुष्याचे ते पाच सेकंद असतील.

‘पाणी दे,’ ती म्हणाली.

त्याने पाणी आणलं, तिच्या हातात पेला नीट धरवला, रिकामा झाल्यावर घेतला. जाताना माझ्याकडे बघून हसला. ‘तब्येत बरी असते ना आता?’

बरी असते, मी म्हटलं. तो गेला, आणि मी शेवटचं प्रकरण वाचलं. घोड्यावरचा पाळक वेळेवर आला. शाळेच्या खोलीत बाकं मांडली. मुलीच्या बाजूने तिचे विद्यार्थी बसले, त्यांच्या आया बसल्या, कोणी रानफुलं आणली होती. हरकत आहे का, पाळकाने विचारलं, कोणाचीच नव्हती.

‘मुलाच्या बाजूने कोण बसलं होतं?’ तिने विचारलं.

पुस्तकात त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. मी पान उलटलं आणि सांगितलं, कोणी नाही, ते बाक रिकामं होतं.